ज्याँ गाबँ : जीवन आणि कारकीर्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच चित्रपटाची गोडी लागलेला मराठी प्रेक्षक बहुधा १९६० च्या आसपासच्या नवप्रवाहापासून (‘न्यू वेव्ह’) सुरुवात करतो आणि मागे वळून पाहू लागला, की एका रुंद चेहऱ्याच्या, हलक्या डोळ्यांच्या, कमी बोलणाऱ्या माणसापाशी येऊन थबकतो. हा माणूस म्हणजे ज्याँ गाबँ. त्यांच्याविषयी चित्रपट मंडळांच्या चर्चांत आणि अभ्यासवर्गांत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना एक भूमिका ठामपणे घेतली आहे, ती अशी की युद्धापूर्वीचे गाबँ तेवढे थोर आणि युद्धानंतरचे गाबँ म्हणजे त्यांची सावली, ही रूढ विभागणी त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

ज्याँ गाबँ कोण होते?

बोलपट सुरू झाल्यापासून १९७६ पर्यंत, म्हणजे साडेचार दशके, फ्रान्सच्या पडद्यावर अव्वल स्थानी राहिलेले ते नट होते. त्यांनी सुमारे ९५ चित्रपटांत काम केले. ज्याँ रेन्वार, मार्सेल कार्ने, ज्युलियँ द्युविव्हिए, ज्याँ ग्रेमियाँ, मॅक्स ओफ्युल्स आणि जाक बेकेर अशा अगदी वेगवेगळ्या प्रकृतीच्या दिग्दर्शकांना आपल्या महत्त्वाच्या चित्रपटांसाठी हाच माणूस हवासा वाटला, यातच त्यांच्या कर्तृत्वाची कल्पना येते. फ्रान्समध्ये कामगार, फरारी सैनिक, रेल्वेचा ड्रायव्हर, दरोडेखोर, पोलीस अधिकारी, पंतप्रधान आणि रस्त्यावरचा बेघर अशा सर्व थरांतल्या माणसांना त्यांनी चेहरा दिला.

त्यांचे खरे नाव काय होते आणि बालपण कुठे गेले?

त्यांचे घराण्याचे आडनाव माँकोर्जे. जन्म १७ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील फेर्दिनां माँकोर्जे हे कॅफेंमधून होणाऱ्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांत आणि ऑपेरेटांत, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांत, काम करत आणि रंगमंचावर ‘गाबँ’ हे नाव लावत. आई हेलेन पेती याही कॅफेंत गाणाऱ्या कलावंत होत्या. सात भावंडांत ज्याँ सर्वांत धाकटे. म्हणजे रंगमंच घरातच होता. पण मुलाचे मन मात्र त्यात नव्हते.

त्यांचे लहानपण पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या मेरिएल या खेड्यात गेले. घराजवळून रेल्वेमार्ग जात असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे पाहत आपण मोठेपणी इंजिन चालवायचे असे या मुलाने ठरवून टाकले होते. शेते, गुरे आणि रेल्वे या तीन गोष्टींची ओढ त्यांना मेरिएलमध्ये लागली आणि ती जन्मभर सुटली नाही. शाळेत मात्र त्यांचे लक्ष लागेना. १९१८ मध्ये आई वारली. त्यानंतर त्यांनी शिक्षणाला रामराम ठोकला आणि काही काळ अंगमेहनतीची, मिळतील ती कामे केली.

मग ते नाटक-सिनेमाकडे कसे वळले?

वडिलांच्या आग्रहामुळे. १९२२ च्या सुमारास वडिलांनी त्यांना ‘फोली बेर्जेर’ या प्रसिद्ध रंगगृहात किरकोळ कामासाठी नेऊन उभे केले, आणि नाखुशीने सुरू झालेले हे काम पुढे पोटापाण्याचा व्यवसाय झाले. मधल्या काळात नौदलात सक्तीची लष्करी सेवा झाली. परतल्यावर ऑपेरेटा, गाणी आणि विनोदी प्रवेश असे सर्व काही त्यांनी केले. १९२८ मध्ये ‘मुलँ रूज’ या रंगगृहात त्या काळची सर्वांत लोकप्रिय रंगतारका मिस्तँगेत हिच्याबरोबर त्यांना संधी मिळाली. पुढे ज्यांच्या संयमाची वाखाणणी झाली, ते गाबँ सुरुवातीला गाणारे आणि नाचणारे नट होते, हे अनेकांना माहीत नसते. मला तर वाटते, की त्यांच्या चालण्यातली लय आणि वाक्य नेमक्या ठिकाणी थांबवण्याची जाण ही त्या गाण्यानाचण्याच्या तालमीतूनच आली असावी.

१९३० मध्ये ‘शाकँ सा शांस’ हा त्यांचा पहिला बोलपट आला. त्यात त्यांच्यासोबत गाबी बासे होती. ती त्यांची पहिली पत्नी. पुढची तीनचार वर्षे त्यांनी बरेच सामान्य चित्रपट केले. त्यांची दखल घ्यावी असे त्यांत फारसे काही नाही.

१९३५ ते १९३९ या काळाला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण या पाच वर्षांत त्यांनी जे चित्रपट केले, त्यांची नुसती यादी वाचली तरी फ्रेंच चित्रपटाचा एक कालखंड डोळ्यांसमोर येतो. द्युविव्हिए यांच्या ‘ला बांदेरा’ (१९३५) मध्ये ते खून करून पळालेला आणि परदेशी पलटणीत भरती झालेला माणूस झाले. ‘ला बेल एकिप’ (१९३६) मध्ये पाच बेकार कामगारांना लॉटरी लागते आणि ते मार्न नदीच्या काठी सगळ्यांनी मिळून एक खानावळ उभारतात. फ्रान्समध्ये तेव्हा डाव्या पक्षांच्या आघाडीचे सरकार आले होते, संप चालू होते, कामगारांना पहिल्यांदाच भरपगारी रजा मिळत होती. त्या आशेचा आणि त्या आशेखाली दडलेल्या धाकधुकीचा हा चित्रपट आहे. त्याला दोन शेवट होते, एक दुःखान्त आणि एक सुखान्त, आणि निर्मात्यांनी सुखान्त शेवट पुढे रेटला. मूळ शोकान्तच त्या कथेला शोभतो असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर ‘पेपे ल मोको’ (१९३७) आला. अल्जिअर्सच्या कसबा वस्तीत राजासारखा वावरणारा दरोडेखोर, जो त्या वस्तीबाहेर पाऊल टाकताच पकडला जाणार आहे, ही भूमिका गाबँ यांनी अशी केली, की हॉलिवूडने वर्षभरातच तिची नक्कल केली. पॅरिसहून आलेल्या एका स्त्रीत पेपेला पॅरिस दिसते, तिच्या मागे तो बंदरापर्यंत जातो, आणि लोखंडी फाटकाच्या गजांतून तिचे जहाज निघताना पाहतो. तो तिला हाक मारतो. त्याच क्षणी जहाजाचा भोंगा वाजतो आणि ती हाक तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

१९३८ मध्ये कार्ने यांचा ‘ल के दे ब्र्युम’ म्हणजे धुक्याने वेढलेल्या बंदराची गोष्ट आली. गाबँ त्यात पलटणीतून पळालेला सैनिक आहेत. तुझे डोळे सुंदर आहेत, ठाऊक आहे ना, अशा अर्थाचे त्यांचे मिशेल मॉर्गनला उद्देशून असलेले वाक्य कवी जाक प्रेव्हेर यांनी लिहिले होते आणि फ्रान्समध्ये ते आजही लोकांच्या तोंडी आहे. त्याच वर्षी रेन्वार यांचा ‘ला बेत युमेन’ आणि १९३९ मध्ये पुन्हा कार्ने-प्रेव्हेर यांचा ‘ल जूर स लेव्ह’ आला. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरील खोलीत खून करून स्वतःला कोंडून घेतलेला एक कामगार, खाली पोलीस, आणि पहाटेपर्यंत आठवत राहणारा भूतकाळ, एवढ्यावर हा अख्खा चित्रपट उभा आहे. युद्ध सुरू झाल्यावर लोकांचे मनोधैर्य खचवणारा म्हणून फ्रेंच लष्करी सेन्सॉरने त्यावर बंदी घातली.

‘काव्यात्म वास्तववाद’ म्हणजे काय, आणि गाबँ यांचा त्याच्याशी काय संबंध?

पुण्यातील चित्रपट रसास्वाद शिबिरांना गेलेल्यांनी ही संज्ञा ऐकली असेल. १९३० नंतरच्या दशकातील फ्रेंच चित्रपटांचा एक गट या नावाने ओळखला जातो. या चित्रपटांतील माणसे साधी असतात आणि त्यांच्या वस्त्या, कारखाने, दारूचे गुत्ते हे सारे ओळखीचे असते. परंतु प्रकाश, धुके, ओले रस्ते, स्टुडिओत उभारलेली नेपथ्ये आणि प्रेव्हेर यांच्यासारख्या कवीचे संवाद यांमुळे त्या साध्या जगाला नियतीच्या खेळाचे रूप येते. हे सगळे पोकळ ठरण्याचा धोका फार मोठा होता. मध्यभागी उभा असलेला माणूस खोटा वाटला असता, तर धुके हे नुसते धूरयंत्रातले धुके राहिले असते. गाबँ तिथे उभे राहिल्यामुळे ते खरे वाटले. समीक्षक आंद्रे बाझँ यांनी या भूमिकांतील गाबँ यांची तुलना ग्रीक शोकान्तिकेतील नायकाशी केली होती. ती मला नेमकी वाटते, कारण शेवट काय होणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असते आणि तरीही त्याची नजर पडद्यावरून हलत नाही.

‘ला ग्रांद इल्युझियाँ’ मधील त्यांच्या भूमिकेचे वैशिष्ट्य काय?

रेन्वार यांचा हा १९३७ चा चित्रपट पहिल्या महायुद्धातील जर्मन कैदेत असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांविषयी आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील तो पहिला चित्रपट होता, आणि नाझी प्रचारमंत्री गोबेल्स याला तो डोळ्यांसमोर नको होता. गाबँ त्यात मारेशाल नावाचा, सामान्य कुटुंबातून वर आलेला अधिकारी झाले. रेन्वार स्वतः पहिल्या महायुद्धात वैमानिक होते आणि गाबँ यांनी चित्रपटात घातलेला गणवेश रेन्वार यांचाच होता.

या चित्रपटातील दोन प्रसंग सावकाश पाहण्यासारखे आहेत. मारेशालला एकांतकोठडीत टाकले आहे. तो भिंत उकरतो, ओरडतो, पळायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा आत ढकलला जातो. मग एक म्हातारा जर्मन पहारेकरी येऊन त्याच्याशेजारी बसतो, त्याची समजूत काढू पाहतो, आणि जाताना एक हार्मोनिका ठेवून जातो. गाबँ ती लगेच उचलत नाहीत. थोडा वेळ जातो, हात नकळत तिच्याकडे वळतो आणि सूर उमटतो. बाहेर थांबलेला पहारेकरी तो ऐकून निघून जातो.

दुसरा प्रसंग शेवटाकडचा आहे. पळून आलेला मारेशाल एका जर्मन विधवेच्या शेतावर आसरा घेतो आणि गोठ्यात गाईला चारा घालताना तिच्याशी बोलतो, की तू इथली गाय आणि मी पॅरिसचा कामगार, तरी आपले जमायला काय हरकत आहे. गाईच्या अंगावर थाप मारण्याची त्यांची पद्धत नटाने शिकून घेतलेली वाटत नाही, कारण मेरिएलमध्ये वाढलेल्या मुलाला ती शिकावी लागली नव्हती.

त्यांच्या अभिनयात इतरांपेक्षा वेगळे काय होते?

त्या काळच्या फ्रेंच पडद्यावर रंगभूमीवरून आलेल्या नटांचा भरणा होता आणि त्यांच्या शब्दफेकीत नाटकी भारदस्तपणा असे. गाबँ यांनी पॅरिसच्या श्रमिक वस्त्यांत ऐकू येणारी बोली तिच्या सुरांसह पडद्यावर आणली आणि आवाज खाली ठेवला. कॅमेरा जवळ असतो तेव्हा फार काही करावे लागत नाही, हे त्यांना त्यांच्या पिढीतील बहुतेकांच्या आधी उमगले होते. डोळे क्षणभर खाली वळवणे, सिगारेट ओठांच्या कोपऱ्यात सरकवणे, टोपी मागे ढकलणे, एवढ्यात त्यांचे काम होत असे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कष्टाची कामे करणारे शरीर त्यांना कळत होते. ‘ला बेत युमेन’ च्या सुरुवातीला पॅरिसहून ल हाव्ह्रकडे धावणारी गाडी आहे. गाबँ ड्रायव्हर आहेत, ज्युलियँ कारेत हा नट फायरमन आहे. इंजिनाच्या आवाजात बोलणे शक्य नाही, म्हणून दोघे कित्येक मिनिटे केवळ खुणांवर काम करतात. एक बोट वर होते, दुसरा कोळसा टाकतो. गाबँ खिडकीतून वाकून पुढचा सिग्नल पाहतात, हात लिव्हरवर तसाच राहतो. या चित्रपटासाठी ते खरोखरच इंजिन चालवायला शिकले होते, आणि लहानपणीची इच्छा अशा रीतीने पुरी झाल्याचा आनंद त्या दृश्यात लपत नाही. कथा झोलाच्या कादंबरीवर बेतलेली आहे, अत्यंत काळोखी आहे. तरी ते दृश्य पाहताना कामात रमलेल्या दोन माणसांचे सुख आधी जाणवते.

त्यांच्या प्रत्येक चित्रपटात रागाचा एक भडका ठरलेला असे, हे खरे आहे का?

बाझँ यांनीच ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे, की करार करताना गाबँ आपल्यासाठी अनावर संतापाचा एक प्रसंग मागून घेतात असे म्हटले जाई. करारात तसे लिहिलेले असो वा नसो, युद्धापूर्वीच्या चित्रपटांत असा प्रसंग हमखास सापडतो. त्याचा परिणाम साधतो तो आधीच्या शांतपणामुळे. दीड तास आवाज न चढवणारा माणूस ओरडतो तेव्हा प्रेक्षक दचकतो. ‘ल जूर स लेव्ह’ मध्ये खिडकीतून खालच्या जमावावर ओरडणारा फ्रांस्वा हा या प्रकारचा कळस आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी काय केले?

फ्रान्स पडल्यावर जर्मनांच्या ताब्यातील चित्रपट कंपनीसाठी काम करणे त्यांनी नाकारले आणि १९४१ च्या सुरुवातीला पोर्तुगालमार्गे ते अमेरिकेला गेले. हॉलिवूडमध्ये त्यांनी ‘मूनटाइड’ (१९४२) आणि द्युविव्हिए यांचा ‘द इम्पोस्टर’ (१९४४) असे दोनच चित्रपट केले. इंग्रजीत त्यांचा जीव रमला नाही. ज्या नटाची सारी ताकद आपल्या वस्तीच्या बोलीत होती, त्याला परक्या भाषेत अर्धेच उभे राहता येत होते. याच काळात अभिनेत्री मार्लिन डिट्रिच यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले, जे युद्धानंतर काही काळाने संपले.

१९४३ मध्ये त्यांनी हॉलिवूड सोडले आणि द गोल यांच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’ च्या नौदलात नाव घातले. अटलांटिक ओलांडून उत्तर आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका तेलवाहू जहाजावर त्यांची नेमणूक झाली. भूमध्य समुद्रात त्या ताफ्यावर जर्मन विमानांनी हल्ला केला. पुढे त्यांनी नौसैनिकांच्या चिलखती रेजिमेंटमध्ये बदली मागून घेतली. ही रेजिमेंट जनरल लक्लेर यांच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनचा भाग होती. गाबँ यांना बंदिस्त जागेची भीती वाटत असे, आणि तरीही ते ‘सुफ्लर दोन’ नावाच्या रणगाड्याचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. हाताखालची पोरे विशीतली होती. १९४५ च्या वसंतात र्‍वायाँच्या लढाईत आणि मग जर्मनीत बेर्श्टेसगाडेनपर्यंत त्यांची तुकडी गेली. त्यांना लष्करी पदक आणि युद्धक्रूस हे दोन्ही सन्मान मिळाले.

ते परतले तेव्हा केस पांढरे झाले होते. या पराक्रमाचे भांडवल त्यांनी कधी केले नाही, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही भूमिकेइतकीच मोलाची वाटते.

युद्धानंतर त्यांची कारकीर्द का खालावली?

कारण प्रेक्षकांच्या मनातला तरुण, दुर्दैवी नायक आता पडद्यावर दिसणे शक्य नव्हते आणि त्याच्या जागी काय आणायचे हे कोणालाच उमगत नव्हते. डिट्रिचबरोबरचा ‘मार्तँ रूमान्याक’ (१९४६) साफ आपटला. कार्ने यांच्या ‘ले पोर्त द ला न्युई’ मधून ते बाजूला झाले आणि ती भूमिका नवख्या इव्ह माँताँकडे गेली. तरीही या वर्षांत पाहण्यासारखे काहीच नाही असे समजू नये. रने क्लेमां यांचा ‘ओ-दला दे ग्री’ (१९४९) जेनोवा बंदरात चित्रित झालेला आहे. ‘ला न्युई ए माँ रुआयोम’ (१९५१) मध्ये त्यांनी दृष्टी गमावलेल्या रेल्वे ड्रायव्हरची भूमिका केली आणि व्हेनिसच्या महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळवला. ओफ्युल्स यांच्या ‘ल प्लेझीर’ (१९५२) मध्ये घोडागाडी हाकणाऱ्या गावकऱ्याच्या छोट्या भूमिकेतही ते लक्षात राहतात. पण तिकीटबारीवर पूर्वीची गर्दी नव्हती.

‘तुशे पा ओ ग्रिस्बी’ ने नेमके काय बदलले?

जाक बेकेर यांच्या १९५४ च्या या चित्रपटात गाबँ यांनी आपले वय लपवले नाही. उलट तोच भूमिकेचा गाभा केला. मॅक्स हा पन्नाशीकडे आलेला दरोडेखोर आहे. शेवटची मोठी चोरी झाली आहे, सोने दडवले आहे, आणि आता त्याला फक्त निवांतपणा हवा आहे. अडचण आहे ती त्याच्या जुन्या मित्राची, रितोंची, जो एका तरुण मुलीपुढे बढाई मारून सगळे घालवून बसतो.

मॅक्स रितोंला आपल्या गुप्त घरी घेऊन जातो. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात येथे मारामारी किंवा कटाची आखणी झाली असती. येथे मॅक्स कडक टोस्ट आणि मांसाचा पाते (टोस्टवर लावायचा लगदा) काढतो, पांढरी वाइन ओततो, दोघे बसून खातात. डोळ्यांखाली आलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवून, आता आपले वय झाले, हे तो मित्राला समजावतो. मग कपाटातून पायजमा, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश काढून देतो. दोघे आपापल्या वेळी दात घासतात आणि झोपायला जातात. गुन्हेगारी चित्रपटात दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या मित्रांचा असा घरगुती प्रसंग याआधी कोणी एवढ्या निश्चिंतपणे दाखवला नव्हता. लिनो व्हेंतुरा या पुढे नामांकित झालेल्या नटाचा हा पहिला चित्रपट. ज्यान मोरोही यात तरुणपणी दिसते. व्हेनिसमध्ये त्या वर्षी गाबँ यांना दुसऱ्यांदा अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

त्यानंतरचे चित्रपट साचेबद्ध आहेत, हा आरोप कितपत खरा?

काही अंशी खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १९५५ नंतर गाबँ घरचा कर्ता, टोळीचा म्होरक्या, बँकेचा मालक किंवा न्यायाधीश अशा भूमिकांत स्थिरावले, मिशेल ओदियार यांचे चटकदार संवाद त्यांच्या तोंडी बसले, आणि काही चित्रपट केवळ त्या जोडीच्या लोकप्रियतेवर चालले. नवप्रवाहाच्या तरुण समीक्षकांना हे प्रस्थापित सिनेमाचे लक्षण वाटले आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. त्यांच्यापैकीच त्रुफो यांनी ‘ग्रिस्बी’ ची मात्र मनापासून स्तुती केली होती, हेही लक्षात ठेवावे.

पण सरसकट निकाल देणाऱ्यांनी क्लोद ओताँ-लारा यांचा ‘ला त्राव्हेर्से द पारी’ (१९५६) पाहावा. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये एका रात्री दोन माणसे चार सुटकेसांत काळ्या बाजाराचे डुकराचे मांस भरून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेत आहेत. बुर्व्हिल या नटाने केलेला माणूस भित्रा, पोटासाठी हे करणारा. गाबँ यांचा ग्रांजिल हा खरे तर नामांकित चित्रकार, जो माणसे संकटात कशी वागतात हे पाहण्यासाठी या भानगडीत पडला आहे. युद्धकाळात सगळा देश शौर्याने वागला या समजुतीला त्या काळात एवढा थेट धक्का क्वचितच कोणी दिला असेल, आणि तो देणारा नट स्वतः रणगाड्यातून लढून आलेला होता. ‘अँ सँज आँ निव्हेर’ (१९६२) मध्ये बेलमाँदोसमोर आणि ‘मेलोदी आँ सू-सोल’ (१९६३) मध्ये आलँ दलाँसमोर उभे राहताना त्यांनी पुढच्या पिढीला जागा करून दिली, तीही स्वतः आक्रसून न जाता.

सिमनों यांच्या कथा आणि गाबँ यांचे नाते काय?

जॉर्ज सिमनों यांच्या साहित्यावरील दहा चित्रपटांत गाबँ होते. त्यांपैकी तीन चित्रपटांत (१९५८, १९५९ आणि १९६३) ते पोलीस अधिकारी मेग्रे झाले. उरलेल्यांत सर्वांत श्रेष्ठ म्हणजे ‘ल शा’ (१९७१). पाडापाडी चाललेल्या उपनगरातील एका जुन्या घरात एक म्हातारे जोडपे राहते. दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले आहे, चिठ्ठ्या लिहून काम भागते, आणि नवऱ्याची सगळी माया एका मांजरावर आहे. सिमोन सिन्योरे आणि गाबँ यांनी यात जवळजवळ शब्दांवाचून एका संसाराची मोडतोड दाखवली. बर्लिनच्या महोत्सवात दोघांनाही ‘रौप्य अस्वल’ हा अभिनयाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी १९५९ मध्ये ‘आर्शिमेद ल क्लोशार’ मधील बेघर माणसाच्या भूमिकेसाठीही गाबँ यांना हाच सन्मान मिळाला होता.

ते खरोखर शेती करत होते का?

होय, आणि हौस म्हणून नव्हे. १९५२ पासून नॉर्मंडीत त्यांनी जमीन घेतली, ‘ला पिशोनिएर’ नावाचे शेत उभारले, गुरे पाळली आणि दुडक्या चालीच्या शर्यतींसाठी घोडे वाढवले. चित्रपटातून आलेला पैसा ते जमिनीत घालत होते. १९६२ च्या जुलैमध्ये एका रात्री सुमारे ७०० शेतकरी त्यांच्या शेतावर चालून आले. बाहेरचा श्रीमंत माणूस जमिनी घेत सुटला, तर तरुण शेतकऱ्यांनी कसायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. गाबँ मात्र या प्रसंगाने खोल दुखावले गेले. ज्या माणसांत आपण आहोत असे ते जन्मभर मानत आले, त्यांनीच त्यांना परके ठरवले होते. ‘ला ऑर्स’ (१९७०) मध्ये आपल्या जमिनीसाठी कोणाचीही गय न करणाऱ्या नॉर्मंडीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची त्यांनी केलेली भूमिका हा इतिहास ठाऊक असलेल्याला वेगळी दिसते.

त्यांचे कुटुंब?

गाबी बासे आणि ज्यान मोशँ यांच्याशी झालेले पहिले दोन विवाह टिकले नाहीत. १९४९ मध्ये त्यांनी दोमिनिक फुर्निए यांच्याशी विवाह केला आणि तो अखेरपर्यंत टिकला. त्यांना फ्लोरांस, व्हालेरी आणि मातियास अशी तीन मुले झाली. फ्लोरांस यांनी चित्रपटक्षेत्रात काम केले, तर मातियास घोड्यांच्या व्यवसायात उतरले.

त्यांचे निधन कधी झाले?

१५ नोव्हेंबर १९७६ रोजी, पॅरिसलगतच्या नयी येथील रुग्णालयात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. त्याच वर्षी ३ एप्रिलला फ्रेंच चित्रपटांच्या सेझार पुरस्कारांचा पहिला सोहळा त्यांच्या अध्यक्षतेखाली झाला होता. त्यांच्या इच्छेनुसार दहन झाले आणि नौदलाच्या जहाजावरून ब्रेस्तजवळच्या समुद्रात रक्षा विसर्जित करण्यात आली. एका नटासाठी नौदलाने हे करावे, यात त्यांच्या युद्धसेवेची पावती होती. मेरिएलमध्ये १९९२ साली त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले.

नव्या प्रेक्षकाने कोणत्या चित्रपटापासून सुरुवात करावी?

‘ला ग्रांद इल्युझियाँ’ पासून सुरुवात करण्याचा सल्ला सगळे देतात आणि तो चुकीचा नाही. पण त्या चित्रपटात इतके काही आहे, की गाबँ यांच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. माझा आग्रह असा, की ‘ल जूर स लेव्ह’ आणि ‘तुशे पा ओ ग्रिस्बी’ हे दोन चित्रपट लागोपाठच्या दिवशी पाहावेत. मध्ये पंधरा वर्षे आणि एक महायुद्ध आहे. पहिल्यात खोलीत कोंडलेला तरुण सुटू शकत नाही. दुसऱ्यात वय झालेला माणूस सुटतो, पण मित्र आणि सोने दोन्ही गमावून. त्यानंतर ‘ला त्राव्हेर्से द पारी’ आणि ‘ल शा’ घ्यावेत. उपशीर्षके असली तरी एकदा ती बंद करून काही मिनिटे केवळ आवाज ऐकावा. फ्रेंच येत नसले तरी कोणत्या वाक्याआधी हा माणूस थांबतो आणि कोणते वाक्य तो जवळजवळ टाकून देतो, हे कानांना कळते. मुंबई-पुण्यातील आलियाँस फ्रांसेझमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांना तर पॅरिसच्या कामगार वस्त्यांचा सूर ऐकण्यासाठी याहून चांगला आवाज मिळणार नाही.